मरळ न लागण्याचे दिवस

सोलापुरात वसंत ऋतू येतो, एवढं मी खात्रीने सांगू शकते. फक्त तो फार दिवस मुक्काम करत नाही. होळीची राख झाडून होईपर्यंत पहाटे अंगावर चादर लागते, आणि मग एके दुपारी शाळेतून निघताना स्कूटीच्या सीटवर बसवत नाही. त्या दोन दिवसांच्या मध्ये जे काही पंधरा-वीस दिवस मिळतात तो आमचा वसंत. कडुनिंब मोहरतो. यंत्रमागांच्या बोळातून जाताना सुताच्या वासात त्या मोहोराचा वास मिसळतो. आणि रविवारी पहाटे साडेपाचला माझे पाय आपोआप जागे होतात. बाकीचं अंग झोपलेलंच असतं, पण पाय हिप्परग्याच्या तलावाकडे निघालेले असतात.

यंदाही पाय वेळेवर निघाले. पण पहिले तीन रविवार आम्ही रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. आणि रिकामी पिशवी स्कूटीच्या हुकाला अडकवली, की ती वाऱ्याने जी फडफडते, त्या आवाजाने मला दोन वर्षांपूर्वीचा फाल्गुन आठवतो.

आम्ही म्हणजे मी आणि नान्ना. नान्ना म्हणजे माझे वडील. आमचं घर तेलुगू विणकरांचं. पणजोबा कधीतरी तिकडून इकडे आले, आणि घरात अजून तेलुगूच बोलतात. त्यामुळे घरातलं बोलणं इथे मी मराठीत करून सांगते आहे, आणि अम्माचं बोलणं थोडं सौम्यही करून. नान्नांनी जन्मभर चादरी विणल्या. आधी हातमागावर, मग यंत्रमागावर. धावत्या मागावर तुटलेला धागा ते असा सांधायचे, की गाठ कुठे आहे ते नंतर त्यांनाही सापडायचं नाही. अम्मा विड्या वळते. आता वळायची गरज नाही असं आम्ही सांगून थकलो, पण मांडीवर सूप नसलं तर तिला बोलायला सुचत नाही.

नान्नांचा एकच शौक होता, गळाने मासे धरायचा. सुट्टीच्या दिवशी पहाटे सायकलच्या दांडीला बांबूची काठी बांधून ते तलावावर जायचे, आणि मागच्या कॅरियरवर मला बसवायचे. चार भावंडांत मलाच का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुतेक मी सगळ्यांत हलकी होते. काठावर बसलं की एकच नियम असायचा, हलायचं नाही. नाकावर डास बसला तरी नाही. "मासा खालून वर बघत असतो," ते कुजबुजत सांगायचे. त्यामुळे लहानपणी माझी अशी समजूत होती की पाण्याखाली आमच्या शाळेच्या तपासणीला येतात तसले कुणी साहेब हात मागे बांधून फिरतात, आणि कोण चुळबुळ करतंय ते टिपून घेतात. मी भयंकर चुळबुळी होते. मासा लागला नाही की नान्ना वळून माझ्या पायांकडे बघायचे. मला पाण्यातल्या त्या साहेबांची भीती वाटत नव्हती, पण त्या बघण्याची वाटायची.

कणकेच्या गोळ्याला लागायचे ते कटला, रोहू, कधी मिशाळ शिंगटा. नान्नांना खरी हवी असायची ती मरळ. आमच्या घरात तिला कोरमीनू म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात. काळसर, सापासारख्या डोक्याची, अंगाने भरलेली. काटा कमी, चव अशी, की चिंचेच्या कोळात शिजवलेला तिचा पुलुसू ज्या घरात होतो त्या घरात त्या दिवशी भांडण होत नाही. मरळ कणकेकडे ढुंकूनही बघत नाही. ती काठच्या पाणगवतात दबा धरून बसते आणि हलणाऱ्या जिवावर झडप घालते. नान्नांना ती आयुष्यात दोनदाच लागली होती, तीही वाट चुकून आल्यासारखी. त्या दोन मरळींबद्दल आम्ही इतकं ऐकलं होतं, की त्या आम्हाला नात्यातल्या वाटत.

त्या फाल्गुनाच्या आधीच्या दिवाळीत नान्नांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायला लागली. मग पेपर. हात कामात असला की बरा असायचा. नुसता मांडीवर ठेवला, किंवा एखादी वस्तू धरून ठेवली, की थरथर सुरू. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, आणि आवडीची कामं सोडू नका असं बजावलं. नान्नांनी घरी येऊन सगळ्यात आधी आवडीची कामं सोडली. चौकातल्या बाकावर जाणं बंद केलं. लग्नकार्याला गेले तर पानसुपारी डाव्या हाताने घ्यायचे आणि त्याबद्दल माफी मागायचे. अम्माकडून त्यांनी सगळ्या सदऱ्यांना उजवीकडे खोल खिसे शिवून घेतले, आणि हात त्या खिशात ठेवून दिला. खिसा मात्र थरथरायचा. बघणाऱ्याला वाटायचं, ह्यांनी आत चिमणी ठेवली आहे.

काठ्या त्यांनी जुन्या चादरीच्या किनारीने बांधून कपाटावर टाकल्या. मी विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर तयार होतं. हात हलला की काठी हलते, काठी हलली की दोरा हलतो, आणि मासा काही मूर्ख नसतो. मी गणिताची बाई आहे. एका पायरीतून दुसरी इतकी चोख निघत होती, की मला त्यात चूक सापडेना.

मग मी म्हटलं, गळ मी टाकते, तुम्ही नुसते बाजूला बसून सांगा. ते लगेच तयार झाले. मला वाटलं माझ्या बोलण्याचा परिणाम झाला. पुढे कधीतरी त्यांनीच सांगितलं, की मी कशी फजिती करून घेते ते त्यांना बघायचं होतं.

पहिल्या रविवारी त्यांची ती इच्छा पुरेपूर पूर्ण झाली. फाल्गुन नुकता लागला होता. तुळजापूर रस्त्याने स्कूटीवर जाताना कानाला गार वारा झोंबत होता. नान्ना मागे बसलेले, डाव्या हातात काठ्या उभ्या धरलेल्या, उजवा हात खिशात. एखाद्या छोट्या मिरवणुकीच्या पुढे चालल्यासारखे आम्ही दिसत असणार. पाणी मागे सरलेलं होतं, काठची माती भेगाळून तिच्या वड्या पडल्या होत्या. पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. बेशरमीच्या झुडपांना फुलं होती. मी काठी उचलली, नान्नांनी सांगितलं तशी मागे नेली आणि झोकात पुढे फेकली. गळ माझ्या ओढणीत अडकला. ओढणी गेली तलावात. ती बाहेर काढण्यात सकाळ संपली. नान्नांचे खांदे हलत होते, आणि ते कंपवाताने नव्हतं.

दुसऱ्या रविवारी एका कासवाने आमची सगळी कणीक खाल्ली. तिसऱ्या रविवारी लिंबाजी भेटला. लिंबाजी तिथल्याच वस्तीतला, पन्नाशीचा, ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब घेऊन तिच्यात बसतो आणि हाताने वल्हवत जाळी लावतो. लांबून बघितलं तर पाण्यात एक माणूस निवांत खुर्ची टाकून बसल्यासारखा दिसतो. तो वल्हवत आमच्याजवळ आला, माझ्याकडे बघितलं, नान्नांकडे बघितलं, आणि नान्नांना विचारलं की लेकीला काय नवस आहे काय. मग त्याने सांगितलं, अजून पाणी गार आहे, मरळ खाली सुस्त पडून आहे, ऊन तापू द्या. चौथ्या रविवारी ऊन तापलं होतं, तेव्हा तो म्हणाला वारा पूर्वेचा आहे. पाचव्या रविवारी अमावास्या होती. मला ही कारणं ऐकून घरच्यासारखं वाटायला लागलं. नापास झालेली मुलं आणि त्यांचे पालक मला दर वर्षी साधारण हेच सांगतात.

सकाळी नऊ वाजले की आम्ही बाभळीच्या सावलीत डबा उघडायचो. कडक भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी, कांदा. कडक भाकरीचं बरं असतं, ती सांडत नाही, हिंदकळत नाही. नान्ना ती डाव्या हाताने खायचे आणि पाण्याकडे बघत मला मार्क द्यायचे. गळ टाकणं ठीक. दोरा ओढणं वाईट. धीर नाही. मी कधी कधी त्यांच्या खिशाकडे बघायचे. ते लक्षात आलं की ते अंग वळवून बसायचे.

घरी वेगळाच कार्यक्रम असायचा. पहिल्या रविवारी अम्माने चिंच भिजवून, मसाला वाटून ठेवला होता. दुसऱ्या रविवारी तिने मसाला वाटला नाही, पण चिंच भिजवली. तिसऱ्या रविवारी आम्ही दारात पोचायच्या आधी तिचं वरण झालेलं होतं. विडी वळता वळता, सुपातून मान वर न करता ती म्हणायची, हात धुवा. मासा विचारायचीही नाही. नान्नांना ते फार लागायचं. त्यांना असं वाटायला लागलं होतं, की मासा मला नाही, त्यांना लागत नाही.

म्हणून चौथ्या रविवारी मी एक कमी दर्जाचं काम केलं. परतताना नान्नांना चहाच्या टपरीवर बसवलं, बाजारात जाऊन दोन किलोचा कटला घेतला, आणि त्यांना सांगितलं की आपण हा धरला असं सांगू. त्यांनी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. घरी त्यांनीच तो अम्मासमोर ठेवला, जरा घसा खाकरून. अम्माने बोटाने कल्ला उचलला आणि आत बघितलं.

"तळ्यात आता बर्फ पडायला लागला का?" तिने विचारलं.

कटला चांगला झाला होता. पण जेवताना कुणी वर बघत नव्हतं.

ही गोष्ट माझ्या मुलाला कळली. तो पुण्यात नोकरी करतो आणि प्रत्येक दुःखावर काहीतरी ऑनलाइन मागवतो. त्याने एक चकचकीत काठी पाठवली, तिला चरखी जोडलेली, आणि सोबत एक रबराचा बेडूक. हिरवी पाठ, नारिंगी पोट, दोन मिशा असाव्यात तसे मागे लोंबणारे पाय, आणि पोटाखाली लपवलेला दुहेरी गळ. त्याने एक व्हिडिओही पाठवला. त्यात परदेशातला कुणी टोपीवाला अशाच बेडकाला पाण्यावर नाचवत होता, आणि वसंतात मासा सुस्त असला तरी असं केलं की येतोच, असं हसत सांगत होता. नान्नांनी बेडूक डाव्या तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि मुलाची फसवणूक झाली आहे असा निकाल दिला.

पाचव्या रविवारी तो बेडूक मी पाण्यावर नाचवला. म्हणजे मी नाचवत होते. बेडूक नाचत नव्हता. मी झटका दिला की तो दगडासारखा हातभर पुढे यायचा आणि मेल्यासारखा पडायचा. पुन्हा झटका, पुन्हा मरण. लिंबाजी ट्यूबमधून बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"बाई, ह्यो बेडूक न्हाय, ह्ये त्येचं मढं हाय," तो म्हणाला. "मरळ लई शानी असतीया. ती मढ्याला तोंड लावत न्हाय."

त्या दिवशी परतताना नान्ना बोळाच्या तोंडाशी उतरले आणि म्हणाले, पुढच्या रविवारी मी येत नाही. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "मी नुसता शेजारी बसलो तरी लागत नाही. तू एकटी जा, तुला लागेल." आणि खिशातला हात तसाच ठेवून ते आत गेले. त्या आठवड्यात ते खाटेवरून फारसे उठलेच नाहीत. अम्मा मला हळूच म्हणाली, की ते रात्री हातावर उशी ठेवून झोपतात. हे सांगताना तिचे स्वतःचे हात मात्र विडी वळत होते, पान कापत होते, दोरा गुंडाळत होते. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं. अम्माने दिवसाउजेडी सूप बाजूला ठेवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता मरळ लागणं न लागणं हा शौकाचा विषय राहिला नव्हता. पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी माहेरी गेले आणि नान्नांना सांगितलं, की बाईमाणसाने एकटीने पहाटे तलावावर बसणं बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील. हे वाक्य मला जन्मभर ऐकवलं गेलं होतं आणि त्याचा मला जन्मभर राग होता. वापरल्यावर कळलं, की चांगलं मजबूत वाक्य आहे. नान्ना उठून बसले. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे, असं ते म्हणाले. पण पहाटे मी पोचले तेव्हा ते दारात चपला घालून उभे होते.

त्या सहाव्या रविवारी वाराच नव्हता. पाणी चादरीसारखं सपाट पडलं होतं. कडेला पाणगवताचा हिरवा पट्टा, त्याच्या पुढे काळं पाणी. लिंबाजी जाळी सोडवत थोड्या अंतरावर तरंगत होता आणि आज कुठलं कारण सांगावं याच्या विचारात असावा. मी बेडूक फेकला. तो नेमका गवताच्या कडेला पडला, माझ्या आयुष्यातली पहिली चांगली फेक. आणि त्याच वेळी माझा डावा पाय चपलेसकट चिखलात गेला. पाय निघाला, चप्पल निघेना. एका हातात काठी घेऊन वाकता येईना.

"नान्ना, जरा धरा," मी म्हटलं आणि काठी त्यांच्यापुढे केली.

ते मागे सरले. नाही म्हणाले. मी म्हटलं, चप्पल नवी आहे. आमच्या घरात नव्या चपलेपुढे कुणाचं काही चालत नाही. त्यांनी काठी डाव्या हाताने घेतली, पण ती लांब आणि पुढून जड. एका हाताने पेलेना. शेवटी त्यांचा उजवा हात खिशातून बाहेर आला, इकडेतिकडे बघितल्यासारखा जरा थांबला, आणि काठीला लागला. काठी थरथरायला लागली. मूठ थोडीशी, शेंडा जास्त, आणि शेंड्यापासून दोरा.

मी कोपरापर्यंत चिखलात हात घालून चप्पल चाचपडत होते. नान्ना सारखे म्हणत होते, घे लवकर, हलतंय, हलतंय. तेवढ्यात लिंबाजीचा आवाज आला, एकदम दबका.

"बाई, गप ऱ्हावा. तुमचा बेडूक जित्ता झालाय."

मी मान वर केली. गवताच्या कडेला तो रबराचा बेडूक जागच्या जागी कापत होता. पुढे जात नव्हता, मागे येत नव्हता. त्याचे ते लोंबणारे पाय पाण्यात लवलवत होते आणि त्याच्याभोवती बारीक बारीक वर्तुळं उठून पसरत होती. भ्यालेला, दमलेला, काठाला लागायच्या बेतात असलेला बेडूक. मला स्वतःला त्याची दया आली. त्या टोपीवाल्याला हे सात जन्मांत जमलं नसतं.

मग पाणी फुटलं. फुटलं याच्यापेक्षा वेगळा शब्द मला सापडत नाही. भक्क असा आवाज झाला, बेडूक होता तिथे खड्डा पडला, आणि काठी कमानीसारखी वाकली.

चरखी कशी फिरवायची हे नान्नांना माहीत नव्हतं. त्यांना बांबूची काठी माहीत, आणि बांबूच्या काठीला एकच उपाय, मागे चला. चौऱ्याहत्तर वर्षांचे माझे वडील काठी छातीशी धरून मागे चालायला लागले. चिखलातून, भेगांवरून, चढावरून, पाठीमागे न बघता. मागे लिंबाजीच्या दोन शेळ्या होत्या, त्या उठून बाजूला झाल्या. त्यांच्या मागे बाभूळ होती, तिला बाजूला होता आलं नाही. मी ओरडून सांगेपर्यंत ते तिच्या बुंध्याला टेकून खाली बसले होते, काठी तशीच धरून, आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला काठावरच्या ओल्या मातीत हातभर लांब मरळ आपटत होती. मी एका पायात चप्पल, एक पाय चिखलाचा, अशी धावले आणि तिच्यावर ओढणी टाकून वर बसले. सन्मानाने मासा धरणं वगैरे जे असतं त्यातलं काही आमच्याकडून झालं नाही.

नान्ना उठून आले. सदरा पाठीकडे फाटला होता. ते मरळीकडे बघत उभे राहिले, मग आपल्या उजव्या हाताकडे. हात थरथरत होता. त्यांनी तो खिशात घातला नाही.

"मी तुला उगीच रागावायचो," ते म्हणाले.

मला क्षणभर कळलं नाही ते कशाबद्दल बोलत आहेत. मग कळलं, सायकलच्या कॅरियरवरून येणाऱ्या, काठावर चुळबुळ करणाऱ्या मुलीशी ते बोलत होते. मी म्हटलं, कणकेला येणाऱ्या कटल्याच्या बाबतीत तुमचा न हलण्याचा नियम बरोबरच होता. गणिताच्या बाईला एवढंच सुचलं.

मरळ पाण्याबाहेर खूप वेळ जगते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण स्कूटीवर पायांशी ठेवलेल्या पिशवीत ती असताना भर चौकातल्या सिग्नलला ते जास्त नीट समजलं. पिशवी उडी मारत होती. शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी विचारलं आत काय आहे. नान्नांनी मागून, हातातली काठी सावरत, अत्यंत शांतपणे सांगितलं, "कोरमीनू." बाई तेलुगू असाव्यात. त्यांनी हात जोडले.

अम्माने सवयीने कल्ला उचलायला बोट पुढे केलं, तर मरळीने शेपटीने सूप उलटवलं. घरभर तेंदूची पानं झाली. अम्माने चिंच भिजवायला घातली आणि मग कमरेवर हात ठेवून नान्नांकडे वळून म्हणाली, सांगा.

आणि नान्नांनी सांगितलं. दोन्ही हातांनी. दिवाळीनंतर पहिल्यांदा मी त्यांना दोन्ही हातांनी बोलताना पाहत होते. बेडूक कसा होता, पाणी कसं फुटलं, मासा केवढा. दोन हात हवेत पसरून त्यांनी माप दाखवलं, आणि डावा हात स्थिर, उजवा थरथरता, त्यामुळे तो मासा क्षणोक्षणी चार बोटं लांब आणि चार बोटं आखूड होत होता. मासे धरणारे थोडं वाढवून सांगतात हे सगळ्यांना माहीत असतं; कमी-जास्त दोन्ही सांगणारे नान्ना एकटेच असतील. अम्मा हसायला लागली. ती हसते तेव्हा आवाज होत नाही, नुसते डोळे मिटतात. मग नान्नाही हसले, आणि मासा आणखीच हलला.

त्या वर्षी उन्हं कडक होईपर्यंत नान्नांनी आणखी चार मरळी काढल्या. बातमी काठावर पसरली. मोडनिंबकडचे दोघे मोटारसायकलवरून यायचे, कोणी मंद्रूपहून यायचं, गळ टाकून तासभर बसायचे, आणि मग हळूच नान्नांजवळ येऊन उभे राहायचे. विचारायला संकोच वाटायचा. लिंबाजीला तसलं काही वाटत नव्हतं. तो जाळी सोडून एक काठी घेऊन आला आणि म्हणाला, "नान्ना, आमच्या काठीला बी जरा हात लावा की." नान्ना एकेकाची काठी हातात घ्यायचे, पाच-दहा मिनिटं धरायचे, आणि परत द्यायचे. मासा लागला तर ज्याचा त्याचा. सदऱ्याचा उजवा खिसा त्यांनी हळूहळू दुसऱ्या कामाला लावला. त्यात आता चष्म्याचं घर असतं.

हे सगळं दोन वर्षांपूर्वीचं. गेल्या वर्षीही ठीक गेलं. यंदा मात्र संक्रांतीनंतर डॉक्टरांनी गोळी बदलली. नवी गोळी सकाळी सहाला घ्यायची असते. ती नान्नांना मानवली आहे. ते जिना भराभर उतरतात, सदऱ्याची बटणं स्वतः लावतात. आणि यंदा तीन रविवार मरळ नाही. पहिल्या रविवारी त्यांनी पाण्याला दोष दिला, दुसऱ्या रविवारी वाऱ्याला. तिसऱ्या रविवारी ते काठीवरच्या आपल्या हाताकडे बघत राहिले. मग सोमवारी मला म्हणाले, डॉक्टरांकडे चल.

डॉक्टर तरुण आहेत, ऐकून घेतात. नान्नांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, की रविवारची गोळी दुपारच्या जेवणानंतर घेतली तर चालेल का. डॉक्टरांनी कारण विचारलं. नान्नांनी सांगितलं, सुरुवातीपासून, बेडकासकट. दार उघडून कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, गोळी सहालाच घ्यायची, रविवारीसुद्धा. मग त्यांनी विचारलं, की बेडूक कुठे मिळतो.

परवा चौथा रविवार होता. नान्नांनी सहाला गोळी घेतली, माझ्या समोर, तोंड वाकडं करून. आम्ही तलावावर गेलो. त्यांनी बेडूक गवताच्या कडेला टाकला आणि काठी धरून बसले. बेडूक पाण्यावर पडून राहिला. त्यांनी हात मुद्दाम हलवून बघितला. बेडूक उड्या मारायला लागला. त्यांनी मान हलवली. खोटं हलवलेलं मरळीला कळतं, म्हणाले, आणि मग प्रयत्न सोडून नुसते बसले. ऊन वर आलं. पाणकावळे बुडी मारून वर येत होते. लिंबाजी लांबून एकदा हात करून गेला.

मी बेडकाकडे बघत नव्हते. काठीवर नान्नांचा उजवा हात होता. सुरकुतलेला, बोटांवर सुताने पडलेल्या जुन्या रेघा असलेला. तो हलत नव्हता. काठीचा शेंडा हलत नव्हता, दोरा हलत नव्हता, पाण्यावर एकही वर्तुळ उठत नव्हतं. मी तासभर तेच बघत बसले, जराही चुळबुळ न करता.

घरी पोचलो तेव्हा अम्मा सूप घेऊन दारातच बसली होती. नान्ना आत जाऊन हात धुवायला लागले. तिने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी फडफडणारी पिशवी दाखवली आणि म्हटलं, आज पण काही नाही.

अम्माने विडीचा दोरा गुंडाळला, तोडला, आणि आतल्या नळाच्या आवाजाकडे जरा कान दिला.

"बरं झालं," ती म्हणाली.